ढेलज, माठ आणि पन्नास मीटर

लातूर-धाराशिवकडच्या जुन्या माळवदी वाड्यात शिरताना आधी ढेलज लागते. दोन्ही अंगांना बसायला कट्टे, वर सावली. शेताकडं निघालेला, पाणी घेऊन आलेला, उधारी मागायला आलेला, सगळे तिथूनच ये-जा करणार. कुणाचं बी उगवलं नाही, कुणाच्या विहिरीनं तळ गाठला, हे कळायला कुणाला मुद्दाम गाठावं लागत नसे.

आमच्या तालुक्याच्या ऑफिसात ढेलज नव्हती, माठ होता. जुन्या बैठ्या इमारतीत, मधल्या बोळात. पाणी प्यायला गेलं की कुणीतरी भेटायचंच. "भाऊसाहेब, पंचनाम्यात सामाईक खातं असलं तर सही कुणाची घ्यायची?" ग्लास रिकामा होईपर्यंत उत्तर मिळालेलं असे. पुढं तीन मजली इमारत झाली, प्रत्येक मजल्यावर पाण्याचा कूलर आला, आणि तोच प्रश्न पत्रानं वर जाऊन आठ दिवसांनी खाली यायला लागला.

यात आमच्या आळसाचा वाटा होताच, पण सगळा दोष आळसाचा नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीतले थॉमस ॲलन यांनी प्रयोगशाळांमधले इंजिनिअर एकमेकांशी कामाचं किती वेळा बोलतात, हे मोजलं आणि १९७७ साली पुस्तकात मांडलं. अंतर वाढलं की बोलणं घटणार, हे कुणीही सांगेल. चकित करतो तो उतार. पहिल्या काही मीटरांतच आलेख कोसळतो आणि साधारण ५० मीटरांपुढं जवळजवळ आडवा होतो. तिथून पुढं माणूस शंभर मीटरांवर बसला काय आणि परगावी बसला काय, फारसा फरक पडत नाही. मधे जिना असेल तर आणखी वाईट. फोन आल्यावर हे बदलेल असं वाटतं, पण ज्याचं तोंड रोज दिसतं त्यालाच आपण फोनही जास्त करतो, असं ॲलन यांनी पुढं नोंदवलं.

अडतात ते छोटे प्रश्न. मोठ्या अडचणीसाठी माणूस जिना चढतो, बैठक लावतो. 'एवढंसं कशाला विचारायचं' अशा शंकेसाठी कुणी चढत नाही. आणि अनुभवी माणसाकडचं बरंचसं ज्ञान अशा शंकेलाच उत्तर म्हणून बाहेर पडतं. वाळूजच्या कारखान्यातला जुना ऑपरेटर आवाजावरून सांगतो की टूल झिजलंय. ते कसं कळलं, हे त्याला लिहून द्यायला सांगा, जमणार नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी याला अव्यक्त ज्ञान म्हटलं. ते शेजारी उभं राहूनच मिळतं.

मग भिंतीच पाडाव्यात की! बऱ्याच कंपन्यांनी पाडल्या. हार्वर्डचे ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी अशा एका मोठ्या कंपनीतल्या ५२ जणांच्या गळ्यात सेन्सरचे बिल्ले अडकवले. शब्द नोंदवायचे नाहीत, फक्त कोण कुणासमोर उभा राहून बोलतोय ते टिपायचं. २०१८ साली निकाल छापला. भिंती असताना माणशी दिवसाला सुमारे ५.८ तास समोरासमोरचं बोलणं होत होतं, भिंती गेल्यावर १.७ तास उरलं. ईमेल मात्र वाढले. मला हे वाचून हसू आलं, पण पटलंही. पंचवीस जणांच्या कानांदेखत 'मला हे जमेना' असं कोण म्हणणार? माणूस कानात हेडफोन घालतो आणि शेजारच्यालाच मेल पाठवतो.

ढेलजेत हे होत नसे. ती येण्याजाण्याच्या वाटेवर असे, पण वाड्याच्या चौकात नव्हे. तिथं दोघं आवाज उतरवून बोलू शकत, आणि वाटेवरच असल्यानं 'इथं का बसलात' असं कुणी विचारतही नसे.

एका मे महिन्यात आमच्या वरच्या दोन्ही मजल्यांचे कूलर बंद पडले. सगळे बाटल्या घेऊन खाली यायला लागले. पंधरा दिवसांत कूलरपाशी दोन खुर्च्या आल्या, मग एक बाकडं आलं, आणि वर पडून असलेली अनुदानाची तीन प्रकरणं तिथंच उभ्या उभ्या सुटली. मग मेकॅनिक आला.