भुईआवळी, फायलँथिन आणि तीव्र यकृत-निकामी अवस्था
भुईआवळी म्हणजे खान्देशात कपाशीच्या निंदणीत उपटून बांधावर फेकतात ते वीतभर तण, कावीळ झाली की तेच ताकात वाटून देतात, जळगाव-धुळ्याकडे हे कुणाला वेगळं सांगायला नको.

घोळ आहे तो झाड नक्की कुठलं याचा. जुन्या पुस्तकांत सर्रास फायलँथस निरुरी असं नाव असतं, पण वनस्पतिशास्त्रज्ञ वेबस्टर यांनी १९५०च्या दशकात हा गट तपासला तेव्हा निरुरी अमेरिकेकडची निघाली, आपल्याकडे त्या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस अशा जाती एकत्र मोजल्या जात होत्या. त्यातली अमारससुद्धा बहुधा अमेरिकेतूनच आलेली, तसं असेल तर चरकसंहितेतली तामलकी (म्हणजे भुईआवळीच मानतात ती; तिथे ती खोकला नि दम्याच्या गणांत येते, हेही बघण्यासारखं) ही अमारस असणं अवघड, इथलीच असलेली फ्रॅटर्नस जास्त पटते. आता गंमत अशी की फायलँथिन आणि हायपोफायलँथिन ही लिग्नान (वनस्पतीत तयार होणारी एका प्रकारची रसायनं) लखनौच्या तुलनात्मक अभ्यासात फक्त अमारसमध्ये सापडली. म्हणजे जात न सांगता विकलेल्या चूर्णाबद्दल काय बोलणार!

१९८५ च्या एका प्रयोगात या दोन्ही घटकांनी उंदरांच्या यकृतपेशींना कार्बन टेट्राक्लोराइड आणि गॅलॅक्टोसामाइन या विषांपासून वाचवलं. अशा बहुतेक प्रयोगांत औषध विषाच्या आधी किंवा सोबत दिलेलं असतं, पेशंट मात्र यकृत बिघडल्यावर येतो. माणसांवरची गाजलेली चाचणी चेन्नईची, १९८८ ची, तीही हिपॅटायटिस बीच्या वाहकांवर: ३७ पैकी २२ जणांचा पृष्ठभाग-अँटिजेन (विषाणू अंगात असल्याची रक्तातली खूण) गेला, प्लासिबोवाल्या (नुसतं दिखाऊ औषध दिलेल्या) २३ पैकी एकाचाच. नंतर थायलंडमध्ये तसं काही दिसलं नाही.

तीव्र यकृत-निकामी अवस्था वेगळीच: आधी निरोगी असलेलं यकृत २६ आठवड्यांच्या आत कोसळतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.५ च्या वर जातो, पेशंट बरळतो किंवा गुंगीत जातो. भारतात मुख्य कारणं हिपॅटायटिस ई आणि ए, शिवाय टीबीच्या गोळ्या, उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस. पाश्चात्त्य देशांत पॅरासिटामॉलचा जादा डोस, त्यावर उतारा म्हणून एन-असिटिलसिस्टीन देतात. हिपॅटायटिस ईची साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून भुईआवळीला गेलेलं श्रेय जरा तपासूनच घ्यावं, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तर हाच आजार जिवावर बेततो. वनस्पतीजन्य घटकांपैकी आयसीयूपर्यंत पोचलेलं ठळक नाव सिलिबिनिनचं, युरोपात विषारी अमानिटा अळंबी खाल्लेल्यांना ते शिरेतून देतात, तिथलाही पुरावा मुख्यतः जुन्या केस-नोंदींचाच.