शिक्षणशास्त्र महाविद्यालय (मराठवाडा)

शिक्षणशास्त्र महाविद्यालय : माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी शिक्षक तयार करणारी, विद्यापीठाशी संलग्न किंवा विद्यापीठाने स्वतः चालविलेली संस्था. शासकीय कागदपत्रांत ‘अध्यापक महाविद्यालय’ आणि बोलण्यात ‘बी.एड. कॉलेज’ ही नावे रूढ आहेत. प्राथमिक शिक्षकांची पदविका देणारे अध्यापक विद्यालय (पूर्वीचे डी.एड., आताचे डी.एल.एड.) याहून वेगळे, त्याचा अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाकडे नसून राज्याच्या शिक्षण विभागाकडे असतात. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांतील अशा महाविद्यालयांमधील अध्ययनाचा आणि विशेषतः संशोधनाचा विचार केला आहे.

आरंभाचा प्रश्न : मराठवाड्यातील शिक्षक-प्रशिक्षणाचा आरंभ दोन प्रकारे मांडता येतो. पहिल्या मांडणीत तो २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाशी जोडला जातो. दुसरीत तो निजामी राजवटीच्या शिक्षण खात्यापर्यंत मागे नेला जातो. पदवी, अभ्यासक्रम आणि संलग्नता एवढेच पाहिले तर पहिली मांडणी सोयीची आहे. परंतु विद्यापीठ निघाले त्या दिवशी शाळांत शिकवीत असलेले शिक्षक कोठे घडले होते, याचे उत्तर तीत मिळत नाही. म्हणून दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. मात्र ती स्वीकारताना १९४८ नंतरच्या दशकातील खंड झाकला जाऊ नये.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळांच्या तहतानिया (प्राथमिक), वस्तानिया (मधली) आणि फौकानिया (उच्च) अशा चढत्या पायऱ्या होत्या. खालच्या वर्गांत मराठीला जागा असली, तरी वरच्या वर्गांत उर्दूचे प्राबल्य होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने ते माध्यम पदवीपर्यंत नेले. पदवीधराला अध्यापनाचे रीतसर शिक्षण घ्यायचे तर हैदराबाद गाठावे लागे. तेथून परतलेला शिक्षक पाठाची मांडणी, प्रश्नांची रचना, फळ्याचा वापर हे सारे उर्दू परिभाषेत शिकलेला असे. समोरच्या मुलांची घरची भाषा मात्र बहुधा मराठी असे.

दुसरा प्रवाह खाजगी मराठी शाळांचा. औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्याची ठळक उदाहरणे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन्ही ठिकाणी अध्यापन केले. त्यांचे स्वतःचे शिक्षण पुण्याच्या टिळक महाविद्यापीठातले. या शाळांची ओढ पुणे-सोलापूरकडे होती आणि शिक्षकाची पारख प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याच्या ध्येयनिष्ठेवर होई. एकीकडे उर्दूतून प्रशिक्षित सरकारी शिक्षक आणि दुसरीकडे बहुतांशी अप्रशिक्षित, पण मराठीतून शिकविणारा खाजगी शिक्षक, अशा दोन परंपरा १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदल्या. पुढे त्यांना एकाच सेवेत, एकाच वेतनश्रेणीच्या चौकटीत बसवावे लागले. या प्रदेशातील शिक्षक-प्रशिक्षणाची खरी कोंडी तेथे सुरू होते.

या काळातील सनावळी सावधपणे वापरावी लागते. संस्थानी कागदपत्रे फसली सनात (संस्थानच्या कारभारातील कालगणनेत) आहेत आणि हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. त्यामुळे इसवी सन काढताना ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. महिना न पाहता सरसकट एकच अंक मिळविल्यास वर्षाचा फरक पडतो. उदाहरणार्थ, खाजगी शाळांना पूर्वपरवानगीचे बंधन घालणारे नियम फसली १३३४ मधील म्हणून सांगितले जातात. ते १९२४ चे की १९२५ चे, हे सनावरून ठरत नाही, त्यासाठी महिनाच पाहावा लागतो. शाळांच्या स्मरणिकांतून आढळणारे एका वर्षाचे मतभेद पुष्कळदा या कारणाने झालेले असावेत.

विद्यापीठानंतर : १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. न्यायमूर्ती पळनिटकर समितीच्या शिफारशीनुसार औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे विद्यापीठ स्थापन झाले, एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू होते. तोवर येथील महाविद्यालये उस्मानियाशी संलग्न होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली येथील शिक्षणशास्त्र महाविद्यालये दुसऱ्याच्या कक्षेत आली. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव पहिल्याकडे राहिले.

संलग्न महाविद्यालयांत शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित असे प्रकार आहेत. पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाचा बराच भार विद्यापीठ परिसरातील शिक्षणशास्त्र विभागावर असतो. विद्यापीठाने थेट चालविलेले शिक्षक-महाविद्यालय या अर्थाने औरंगाबादेतील मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाच्या महाविद्यालयाचा उल्लेख करावा लागतो. ते केंद्रीय विद्यापीठ असून त्याचे मुख्यालय हैदराबादला आहे आणि माध्यम उर्दू आहे.

अध्ययन : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचा झाला. त्यापूर्वी तो एका वर्षाचा होता. एका तुकडीत ५० विद्यार्थी, वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तात्त्विक विषयांना ८० टक्के व शाळेतील कामाला ९० टक्के उपस्थिती असे निकष आहेत. प्रवेश राज्याच्या सामायिक परीक्षेतून होतात. छात्राध्यापक (बी.एड.चा विद्यार्थी) पदवीच्या विषयांनुसार अध्यापन पद्धती, म्हणजे ‘मेथड’, निवडतो. आधी सूक्ष्म अध्यापन (एकेका अध्यापन कौशल्याचा थोड्या मिनिटांचा सराव), मग सेतुपाठ (ती कौशल्ये एकत्र जोडणारा पाठ), मग शाळेतील सराव पाठ हा क्रम सर्वपरिचित आहे. सूक्ष्म अध्यापनाच्या भारतीय आवृत्तीत सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि सहा मिनिटे पुनर्प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र धरतात. पाठ टाचण, संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा), घटक चाचणी यांच्या फायली हा या शिक्षणाचा दृश्य भाग. महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत त्या तयार मिळतात, हे उघड गुपित आहे.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेतील आंतरवासिता (शाळेत सलग राहून करावयाचे प्रत्यक्ष काम) एकूण वीस आठवड्यांची झाली; पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. पूर्वीच्या मोजक्या सुट्या पाठांच्या तुलनेत हा मोठा बदल होय. कृतिसंशोधनाला त्यामुळे प्रथमच पुरेसा अवधी मिळाला.

कृतिसंशोधन : शिक्षकाने आपल्याच वर्गातील अडचण हेरून, उपाय योजून, त्याचा परिणाम तपासणे म्हणजे कृतिसंशोधन. मराठी पाठ्यपुस्तके त्याचे जनकत्व बहुधा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील स्टीफन कोरी (१९५३) यांना देतात. काही ठिकाणी बकिंगहॅम यांच्या १९२६ मधील शिक्षकांसाठीच्या संशोधनविषयक ग्रंथापर्यंत मागे जातात. समाजशास्त्रीय लेखनात मात्र १९४६ मध्ये अल्पसंख्याकांच्या प्रश्नांच्या संदर्भात ही संज्ञा मांडणारे कुर्ट लेविन अग्रभागी असतात आणि अमेरिकेतील आदिवासी कारभाराचे आयुक्त जॉन कॉलियर (१९३३–४५) यांचेही नाव घेतले जाते. या मतांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. बकिंगहॅम यांनी शिक्षक संशोधन करू शकतो एवढे म्हटले; नियोजन, कृती, निरीक्षण व फेरविचार यांचे आवर्तन लेविन यांच्याकडून आले; कोरी यांनी ते शाळेत आणले. कोरी यांना ‘शैक्षणिक कृतिसंशोधनाचे प्रवर्तक’ म्हणणे योग्य, निव्वळ ‘जनक’ म्हणणे ढोबळ होईल.

भारतात या पद्धतीच्या प्रसाराला अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषदेने १९५५ पासून प्रशिक्षण महाविद्यालयांत सुरू केलेल्या विस्तार सेवा विभागांचा हातभार लागला. मराठवाड्यात मात्र ती प्रामुख्याने परीक्षेच्या गुणदानातून रुजली. अहवालाचा साचा ठरलेला: समस्या, उद्दिष्टे, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. इयत्ता सातवीची शुद्धलेखनातील चूक, आठवीची पूर्णांकांची वजाबाकी, नववीचे इंग्रजी शब्दोच्चार हे नेहमीचे विषय. एकाच गटाची पूर्व व उत्तर चाचणी घेतल्याने गुण वाढले तरी ते उपक्रमामुळे वाढले, की दरम्यानच्या नियमित तासांमुळे, हे सांगता येत नाही. तुलना गट ठेवणारे अहवाल थोडे. लेविन यांच्या मांडणीतले दुसरे आवर्तन, म्हणजे उपाय फसल्यावर तो बदलून पुन्हा करून पाहणे, वेळापत्रकात मावत नाही. परिणामी फसलेले कृतिसंशोधन या प्रदेशात जवळजवळ लिहिलेच जात नाही.

एम.एड. व पीएच.डी. संशोधन : भारतातील पहिला एम.एड. अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये सुरू केला आणि शिक्षणशास्त्रातील पहिली पीएच.डी. त्याच विद्यापीठाची, सर्वसाधारणपणे १९४३ ची, मानली जाते. बडोद्याहून १९७४ मध्ये एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणाला तेव्हापासून ठराविक रूप आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधाची संगणकीय प्रत सक्तीची केल्यानंतर शोधगंगा या ऑनलाइन भांडाराद्वारे प्रबंध घरबसल्या पाहता येऊ लागले. त्यापूर्वी टंकलिखित प्रत ग्रंथालयातच वाचावी लागे.

पीएच.डी. प्रवेशासाठी विद्यापीठाची ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा किंवा नेट-सेट या राष्ट्रीय व राज्य पात्रता परीक्षा, त्यानंतर संशोधन आराखडा आणि संशोधन व मान्यता समितीपुढील मुलाखत, असा मार्ग आहे. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केले, पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे आहे. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात.

संशोधनाचा कल सर्वेक्षणाकडे आहे. जिल्हा किंवा तालुका निवडायचा, प्रश्नावली वाटायची, टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतील फरक तपासणारा सांख्यिकीय अंक) काढायचे, ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पना (फरक नाही, हे गृहीतक) स्वीकारायची किंवा त्यागायची, ही रीत रुळली आहे. ‘अभ्यासविषयक सवयी’, ‘समायोजन’, ‘व्यावसायिक समाधान’ अशी चले (मोजावयाच्या बाबी) पुन्हा पुन्हा येतात. वापरलेल्या प्रमाणित चाचण्यांची मानके इतरत्रच्या शहरी नमुन्यावर ठरलेली असतील, तर गेवराई किंवा किनवटच्या मुलाचे ‘सरासरीपेक्षा कमी’ येणे चाचणीविषयी अधिक सांगते, मुलाविषयी कमी.

प्रदेशाचे स्वतःचे प्रश्न हाताळणारे प्रबंध अधिक मोलाचे ठरतात. बीडसह लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गळती व हंगामी वसतिगृहे; बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या मुलांचे पहिलीतील मराठी; किनवटकडील कोलाम व गोंड मुले; देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-उमरग्याकडे कन्नड यांच्या सान्निध्यातील वर्ग हे असे विषय होत. येथे प्रश्नावली अपुरी पडते. वर्गात दीर्घकाळ बसून केलेल्या निरीक्षणाची गरज असते. तीन-चार वर्षे एकाच गावी थांबणे नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकाला अवघड जाते, म्हणून अशी कामे विरळ आहेत.

ऐतिहासिक संशोधन सर्वांत दुबळे आहे. संस्थानी शिक्षण खात्याचे मूळ कागद उर्दूत असून त्यांचा मोठा भाग हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. बी.एड., एम.एड. करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला उर्दू लिपी येत नाही आणि अभ्यासक्रम ती शिकवीत नाही. उर्दू जाणणारे विद्यार्थी बहुधा आपल्या माध्यमाच्या शाळांपुरते विषय घेतात. त्यामुळे निजामकालीन शाळांविषयीची प्रकरणे संस्थांच्या स्मरणिका आणि मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या आठवणी यांवर उभी राहतात. सरकारी शाळांतील मराठी शिक्षकाचे रोजचे काम या दोहोंतही फारसे येत नाही.

नियंत्रण व सद्यःस्थिती : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा, प्रत्यक्ष काम १९९५ पासून. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला. आयोगाच्या २०१२ च्या अहवालातून पुढे दोन वर्षांचा बी.एड. आला. २०१२ पासूनच राज्यातील शिक्षकभरती आखडली गेल्याने विनाअनुदानित महाविद्यालयांची विद्यार्थिसंख्या घटली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयाने बी.एड. पदवीधर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदास अपात्र ठरले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही किमान अर्हता सुचविली आहे. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने आवश्यक केले आहे.