ऑर्गनच्या रेकॉर्डमध्ये अख्खं चर्च वाजतं

संगीत नाटकामुळे ऑर्गन आपल्याला परका नाही. पण पायाने भाता मारत वाजवायचा तो ऑर्गन पेटीच्याच कुळातला. त्यात धातूच्या पत्त्या थरथरतात. उत्तर जर्मनीतल्या चर्चमधला सतराव्या शतकातला ऑर्गन ही निराळीच चीज आहे. हाम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर या कारागिराने १६९३ मध्ये पुरा केलेला ऑर्गन घ्या. हातांसाठी चार कीबोर्ड, पायांसाठी एक, ६० स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या आवाजांचे पाइपसंच, आणि सुमारे चार हजार पाइप. हे धूड उचलून स्टुडिओत नेता येत नाही. माइक घेऊन आपणच त्याच्या दारी जायचं, आणि मग बाख या जर्मन संगीतकाराच्या संगीताबरोबर ती इमारत, तिथली हवा, त्या दिवसाची थंडी हे सगळं टेपवर उतरतं.

ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा हे अशा रेकॉर्डिंगमधलं ठळक नाव. जन्म १९०७ चा, लायप्झिगचा. विशीच्या आतच त्यांची दृष्टी गेली. मग कोणीतरी बाखच्या रचनेतला एकेक आवाज, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींपैकी एकेक, सुटा वाजवून दाखवायचा आणि वाल्खा ते आवाज वेगवेगळे पाठ करून मनातल्या मनात एकत्र बसवायचे. १९४७ मध्ये ल्युबेकला त्यांनी बाखची ऑर्गन-रचना मुद्रित करायला सुरुवात केली. पुढे १९५० ते ५२ दरम्यान ते कापेलला गेले. कापेल हे उत्तर समुद्राकाठचं खेडं. तिथला श्निटगरचा ऑर्गन मुळात १६८० चा, हाम्बुर्गच्या एका मठाच्या चर्चसाठी बांधलेला. कापेलचं चर्च १८१० मध्ये जळालं आणि १८१६ मध्ये गावाने हा जुना ऑर्गन विकत घेतला. एकोणिसाव्या शतकात शहरांतले कितीतरी ऑर्गन नव्या आवडीनुसार बदलून टाकले गेले, हा मात्र बराचसा मूळ रूपात टिकला. आडगावी असणं कधीकधी पथ्यावर पडतं ते असं.

आता हवेची गोष्ट. ऑर्गनमधले बहुतेक पाइप बासरीच्या तत्त्वावर चालतात: फुंकर एका धारदार कडेवर आदळते आणि आतला हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. सूर किती उंच लागेल हे पाइपच्या लांबीवर आणि हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतं. हवा तापली की हा वेग वाढतो आणि सूर चढतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट. किरकोळ वाटतं खरं. पण सकाळी १५ अंशांवर फ्यूगचा (एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलतात अशा रचनेचा) पहिला भाग मुद्रित केला आणि दुपारी २० अंशांवर उरलेला, तर जोडाच्या जागी १५ सेंटची पायरी पडते आणि तयार कानाला ती खटकतेच. त्यातून दुसरी भानगड निघते. काही पाइपमध्ये बासरीऐवजी पितळेची जिभली असते. तिचा सूर मुख्यतः धातूच्या लवचिकतेवर ठरत असल्याने ती तापमानाला फारशी बधत नाही. म्हणजे बासरीवाले पाइप चढतात, जिभलीवाले जवळपास होते तिथेच राहतात आणि एकाच वाद्याचे दोन गट बेसूर होतात. जिभली तारेच्या एका आकड्याने दाबलेली असते. तो आकडा हलक्या हाताने ठोकून जरासा वर-खाली सरकवला की सूर बदलतो. ऐन रेकॉर्डिंगच्या तोंडावर ट्यूनर हेच काम करत बसलेला असतो.

याकोबीचा ऑर्गन आजच्या मोजमापापेक्षा तब्बल एक पूर्ण स्वर चढा आहे. ज्या 'ला'साठी आज ४४० कंपनं धरतात, तो तिथे सुमारे ४९५ वर लागतो. त्याहून रंजक त्याची स्वरजुळणी. आपल्याकडे गवई पेटीवर नाराज असतात, कारण पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो खरा गंधार, षड्जाच्या सव्वापट कंपनांचा. याकोबीच्या मीनटोन (गंधार शुद्ध लागावा म्हणून पंचम किंचित उतरवणाऱ्या) वळणाच्या जुळणीत नेहमीच्या पट्ट्यांमधले गंधार या नैसर्गिक जागेच्या बरेच जवळ बसतात. साधा तीन सुरांचा मेळ वाजला तरी तो थरथरत नाही, शांत उभा राहतो. ही चैन फुकट मिळत नाही. दूरच्या पट्ट्यांत काही स्वर कर्कश होतात आणि बाख तिकडे वळला की ते कानाला टोचतं. मला ते टोचणं आवडतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच सपाट लागल्या की पट्टी बदलण्यात मजा ती काय?

ऑर्गनमध्ये डावं-उजवं असतं, हे मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणाऱ्या, रेकॉर्डमध्ये कळायला मार्ग नव्हता. पायाच्या कीबोर्डचे मोठे पाइप बहुधा दोन बाजूंच्या मनोऱ्यांत उभे असतात आणि वजन समान वाटलं जावं म्हणून लगतचे अर्धस्वर आलटूनपालटून लावलेले असतात: सा एका बाजूला, कोमल रे दुसऱ्या, शुद्ध रे पुन्हा पहिल्या. त्यामुळे खर्जात अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारी ओळ आली की आवाज डावीकडून उजवीकडे उड्या मारतो. १९५६ मध्ये वाल्खांनी हॉलंडमधल्या आल्कमारला स्टिरिओत काम सुरू केलं. असं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं, तर या उड्या मोजता येतात. माइक कुठे टांगायचा हा मात्र कायमचा तंटा. जवळ टांगला तर प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो, पण कीबोर्ड आणि पाइप जोडणाऱ्या लाकडी पट्ट्यांची खटखटही येते. लांब नेला तर घुमारा भरपूर आणि फ्यूगचा लगदा.

बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यातला श्निटगरचा १७०६ चा ऑर्गन दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. त्याआधी ऑर्गनवादक फ्रित्स हाइटमान यांनी त्यावर बाख मुद्रित केला होता. आवाज जुनाट आणि खरखरीत आहे, पण त्या वाद्याचा तोच उरला आहे.

अलीकडे संगणकावर ऑर्गनचा आवाज वाजवणाऱ्या हाउप्टवेर्कसारख्या सॉफ्टवेअरसाठी ऐतिहासिक ऑर्गनचा एकेक पाइप सुटा मुद्रित करतात. तोकडा सूर सोडल्यावर चर्चमध्ये उरणारा घुमारा आणि लांबवलेला सूर सोडल्यावरचा घुमारा सारखा नसतो, म्हणून सूर सोडण्याचे नमुने वेगवेगळे घेतात. पण जुन्या ऑर्गनमध्ये सगळे पाइप एकाच हवेवर जगतात. दहा बोटांनी मोठा मेळ दाबला की भात्यातला दाब क्षणभर ढासळतो आणि आधीपासून चालू असलेला सूर किंचित कचरतो. सुट्या नमुन्यांत हे येणं शक्यच नाही, ते गणिताने वेगळं घालावं लागतं. वाल्खांच्या कापेलच्या रेकॉर्डला असलं गणित लागलं नव्हतं. म्हणून मोनो असूनही माझा कौल त्याच रेकॉर्डला आहे.