नाशिकमध्ये मुलांच्या साहस शिबिरांचे प्रशिक्षक व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

'साहस प्रशिक्षक' नावाचा एकच सरकारी परवाना महाराष्ट्रात मिळत नाही. सेतू केंद्रात जाऊन मागितलात तर समोरचा माणूसच गोंधळेल. आठवी ते बारावीच्या मुलांना अंजनेरी, रामशेज किंवा हरिहर अशा गडांवर नेणाऱ्याकडे लागते ती एक फाइल, आणि तिच्यातले कागद चार वेगवेगळ्या दारांतून येतात: गिर्यारोहण प्रशिक्षण संस्था, पोलीस, पर्यटन संचालनालय आणि वन विभाग. यातला एकही कागद मिळवणं फारसं अवघड नाही. पण क्रम चुकला की अख्खं वर्ष जातं.

सर्वांत आधी कोर्स, कारण वेळ तिथेच जातो

मुलांच्या शिबिरात दोरावर काम करायचं तर पायरी ठरलेली आहे. बेसिक माउंटेनियरिंग कोर्स, मग ॲडव्हान्स, मग इतरांना शिकवायचं कसं हे शिकवणारा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे बोलीभाषेत 'एमओआय'. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५), दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगाम आणि अरुणाचलमधलं दिरांग इथे हे कोर्स होतात. बेसिक साधारण २६ ते २८ दिवसांचा असतो, ॲडव्हान्सही जवळपास तेवढाच आणि एमओआय तीनेक आठवड्यांचा.

अडचण दिवसांची नाही, ग्रेडची आहे. बेसिकला 'ए' ग्रेड असल्याशिवाय ॲडव्हान्सला प्रवेश नाही आणि ॲडव्हान्सला 'ए' असल्याशिवाय एमओआय नाही. 'बी' घेऊन परतलेल्याकडे प्रमाणपत्र असतं, पण पुढचा रस्ता बंद असतो. ग्रेड बहुतेकदा तंत्रावर जात नाही, दमावर जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि बेसिकमध्येच चार हजार मीटरच्या वर जावं लागतं. त्यामुळे निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून दोनदा १५ किलोची सॅक घेऊन अंजनेरी चढा. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज केल्या तरी तेवढ्यावर भागत नाही.

अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. मे-जूनच्या बॅचेस सर्वांत आधी भरतात, म्हणून परीक्षा संपल्यावर अर्ज करू म्हणणाऱ्यांना त्या वर्षी जागा मिळत नाही. जागा मिळाली की आधार, जन्मतारखेचा पुरावा, जोखीम स्वीकारल्याचं पत्र (१८ वर्षांखालील असल्यास पालकांच्या सहीसह) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र संस्थेच्याच नमुन्यावर हवं. डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं 'तंदुरुस्त आहे' एवढं एक वाक्य तिथे चालत नाही. प्रमाणपत्र फार आधीही काढून ठेवू नका, माहितीपत्रकात दिलेली मुदत बघूनच तपासणी करा. एनसीसीत असाल तर आधी आपल्या युनिटमध्ये विचारा, कारण कॅडेटांना या संस्थांमध्ये एनसीसीमार्फत पाठवलं जातं.

नावाचा घोळ इथेच मिटवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी, आणि मधलं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. बेसिकच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जाईल तेच पुढे प्रत्येक कागदाशी जुळवलं जाणार आहे. अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घेतलेलं परवडतं.

कोणत्या पायरीवर काय काम मिळतं? बहुतेक आयोजक बेसिक 'ए' झालेल्याला सहायक म्हणून घेतात: हार्नेस (कमरेचा सुरक्षा पट्टा) बांधणं, रांग सांभाळणं, खालून फायरमन बिले देणं, म्हणजे उतरणारा घसरला तर खालून दोर ताणून त्याला थांबवणं. अँकर, म्हणजे दोर ज्याला बांधतात तो वरचा आधार, लावण्याची जबाबदारी ॲडव्हान्स आणि एमओआय झालेल्यावरच असावी. बेसिकवाल्याच्या हाती अँकर देणारा आयोजक भेटला तर तिथे काम न केलेलं बरं. पाण्यातले उपक्रम करायचे असतील तर हे कोर्स उपयोगाचे नाहीत. त्यासाठी गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, जिथे जीवरक्षकाचं आणि बोट चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं.

प्रथमोपचार

शहरातलं प्रथमोपचाराचं शिक्षण रुग्णवाहिका थोड्या वेळात येईल असं धरून दिलेलं असतं. हरिहरच्या माथ्यावरून जखमी मुलाला स्ट्रेचरवर पायथ्याच्या निरगुडपाड्यापर्यंत उतरवायला काही तास लागतात, १०८ची गाडी त्यानंतर. म्हणून वाइल्डरनेस फर्स्ट एडचा, म्हणजे दवाखान्यापासून दूर रानात करायच्या प्रथमोपचाराचा, दोन दिवसांचा, १६ तासांचा कोर्स ही किमान अट धरा. मुक्कामी शिबिरं घ्यायची असतील तर आठ-दहा दिवसांचा फर्स्ट रिस्पॉन्डर कोर्स करा. या प्रमाणपत्रांना मुदत असते, साधारण दोन ते तीन वर्षं. शाळा फाइल मागते तेव्हा सर्वांत जास्त वेळा हाच कागद मुदत संपलेला निघतो.

पोलीस पडताळणी: शहर की ग्रामीण?

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा म्हणजे पॉक्सो. त्याखालच्या पॉक्सो नियम २०२० मधील नियम ३ नुसार शाळा, क्रीडा प्रबोधिनी किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कोणत्याही संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. मग तो कायम असो की कंत्राटी. शिबिरापुरता चार दिवस येणारा प्रशिक्षकही यातून सुटत नाही.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाऑनलाइनच्या पोलीस क्लिअरन्स पोर्टलवर होतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला चालतो), फोटो, सही आणि ज्या संस्थेसाठी काम करणार तिचं पत्र एवढं अपलोड करा, शुल्क भरा आणि मूळ कागद घेऊन पोलीस ठाण्यात जा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा.

नाशिककर अडकतात ते अर्जात पोलीस घटक (शहर की ग्रामीण) निवडताना. सातपूर, अंबड, उपनगर, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प ही ठाणी शहर पोलीस आयुक्तालयात येतात. ओझर, घोटी, वाडीवऱ्हे, त्र्यंबकेश्वर ही ग्रामीण अधीक्षकांकडे. ओझरच्या माणसाने सवयीने 'नाशिक शहर' निवडलं की अर्ज आठवडाभराने परत येतो.

पॉक्सो कायद्याचं कलम १९ प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ हवं. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी आयोजकांशी बोलून बघतो' ही पळवाट कायद्यात नाही, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

पर्यटन संचालनालयाची नोंदणी कोणाला लागते

राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारांतल्या उपक्रमांच्या आयोजकांनी नोंदणी करायची असते: आधी तात्पुरती, मग अंतिम. नोंदणी आयोजकाची होते. नोंदणीकृत संस्थेसाठी मानधनावर काम करणाऱ्याने स्वतःची वेगळी काढायची गरज नाही. पण व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावाने पोस्टर फिरवून पैसे गोळा करायला लागलात की तुम्ही आयोजक झालात, मग मुलं दहा असोत की शंभर.

स्वतःची संस्था काढत असाल तर आधी व्यवसायाचा कागद करा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (२०२५पर्यंत ही मर्यादा दहा होती) २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, परवाना नाही. त्यानंतर प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं, साहित्याची यादी, आपत्कालीन आराखडा आणि विमा.

साहित्याच्या यादीत 'दोर ४, हेल्मेट २०' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक दोराला क्रमांक द्या आणि जाडी, लांबी, खरेदीची तारीख, किती वेळा वापरला, शेवटची तपासणी कधी झाली हे वहीत नोंदवा. रॅपलिंगचा (दोरावरून कडा उतरण्याचा) दोर स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, १०.५ ते ११ मिलिमीटरचा असावा, आणि न वापरता कपाटात ठेवलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद करायचा. दुकानाची पक्की पावती जपा. कच्च्या चिठ्ठीवरून दोराचं वय सिद्ध होत नाही.

विम्यात फसगत होते ती वगळलेल्या बाबींच्या पानावर. साध्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. एजंटकडून 'गिर्यारोहण, रॅपलिंग समाविष्ट' असं लेखी घ्या. मुलांसाठी गटविमा आणि तुमच्यावर दावा झाला तर लागणारा सार्वजनिक दायित्व विमा या दोन वेगळ्या पॉलिसी आहेत, एकीने दुसरीचं काम होत नाही.

प्रशिक्षक आणि आयोजक यांच्यातला करार मुद्रांकावर होतो. ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे माहीत नसलेले अजून बरेच भेटतात.

शाळेला काय द्यायचं

शाळेची सहल असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी शाळा घेते, पण तिच्या प्रस्तावाला तुमच्या फाइलची छायांकित प्रत लागते. दिवाळीनंतर सहलींचा हंगाम सुरू होतो, तेव्हा संच सप्टेंबरमध्येच तयार ठेवा. मुली असतील तर गटात महिला प्रशिक्षक हवीच. नाशिकमध्ये त्यांची कायम टंचाई असते, त्यामुळे कोर्स पूर्ण केलेल्या मुलीला काम शोधावं लागत नाही.

संमतिपत्रावर सही पालकांची हवी. अल्पवयीन मुलाच्या सहीला करार म्हणून किंमत नाही. आणि 'काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' हे वाक्य कितीही ठळक छापलं तरी निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने टळत नाही. त्या जागेवर दमा, फिट येणं, ॲलर्जी, चालू औषधं आणि रक्तगट विचारा. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी मात्र स्वतंत्र ओळीत. इथल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि अत्तर, धूर किंवा स्पीकर यातलं एकही त्यांना उठवायला पुरतं.

वन विभाग

पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत उपवनसंरक्षकांना. तारीख, मुलांची आणि प्रशिक्षकांची संख्या, चढण्या-उतरण्याची वाट, गाड्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन लिहा. मुक्काम आणि चूल यांचा उल्लेख टाळला तर मंजुरी लवकर मिळेल असं काहींना वाटतं, पण तपासणीत तंबू दिसला की तेच पत्र तुमच्याविरुद्ध जातं.

अंजनेरी आणि हरिहर नाशिक पश्चिम वन विभागात आहेत. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने नवीन बोल्ट ठोकणं किंवा झुडपं तोडून जागा करणं तिथे चालणार नाही. कळसूबाई अभयारण्यात येतो, त्याची परवानगी वन्यजीव विभागाकडून, ती पश्चिम विभागात मागाल तर पत्र फिरत राहील. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथल्या कातळावर दोराचा सराव नको. पावसाळ्यात हरिहरसारख्या ठिकाणी गर्दीमुळे अचानक बंदी येते, म्हणून पत्रातच दुसरी तारीख सुचवा. २०२७च्या सिंहस्थात त्र्यंबक रस्त्याचा भरवसा धरू नका. त्या महिन्यांतली शिबिरं चांदवड किंवा सटाणा बाजूला न्या आणि तिथल्या वन कार्यालयात पत्र निदान महिनाभर आधी द्या.