पहिलं बाळ आणि ऑपरेशन यांच्या मधली वर्षं

खानापूर, निपाणी, चिकोडी, सीमाभागात कुठेही जा. नुकतंच पहिलं बाळंतपण झालेल्या मुलीला पाळणा लांबवण्याबद्दल विचारलं, तर उत्तर बहुधा शेजारी बसलेल्या सासूकडून येतं, ‘दोन झाली की ऑपरेशन करायचंच आहे की.’ आणि विषय तिथेच संपतो.

आकडेही हेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकातल्या सुमारे ५७ टक्के विवाहित स्त्रियांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. देशभराचा आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास. तांबी वापरणाऱ्या जेमतेम ३ टक्के. नसबंदी करून घेतलेले पुरुष तर जवळपास नाहीतच. ऑपरेशनला माझा विरोध नाही. मुलं पुरेत असं ठरवलेल्या स्त्रीसाठी तो चांगला मार्ग आहे. अस्वस्थ करतात ती त्याआधीची वर्षं. विशीत लग्न, वर्षभरात पहिलं, ते अंगावर पीत असतानाच पाठचं, आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन. ही वाट कुणी विचार करून निवडलेली नसते, मधल्या काळासाठी काय आहे हे वेळेवर न कळल्यामुळे ती पडलेली असते.

एका गर्भारपणाला आईच्या शरीरातलं सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळ आणि वार ते घेतात, आईचं वाढलेलं रक्त घेतं, बाळंतपणातल्या रक्तस्रावात काही जातं. रोजच्या जेवणातून अंगी लागणारं लोह मात्र एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेतच खर्ची पडतं. म्हणजे साठा पुन्हा भरायला किती महिने लागत असतील, हिशेब करून पाहा. याच सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या जवळपास ४८ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. अशा शरीरात पाठोपाठ दुसरा गर्भ राहिला तर बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याचा, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘अजून पाळी आली नाही, आत्ता कसे दिवस राहतील?’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. पण स्त्रीबीज आधी बाहेर पडतं, पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. अंगावरच्या दुधाचं संरक्षण खरं आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला रात्रंदिवस फक्त आईचंच दूध हवं, आणि पाळी सुरू झालेली नको. घुटी, पाणी, गाईचं दूध सुरू झालं की भरवसा संपला.

मग मधल्या वर्षांसाठी काय? तांबीपासून सुरुवात करते, कारण तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त भीती आहे. वर चढते, पोटात जाते, काळजाला लागते, असं बायका खरोखर बोलतात. तांबी तळहातावर घेऊन पाहिली की ती किती लहान आहे ते कळतं. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उंचीची मऊ प्लॅस्टिकची काडी, तिच्याभोवती तांब्याची बारीक तार, खाली दोरा. ‘३८० ए’ या नावातला ३८० म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. तांब्याचे सूक्ष्म कण गर्भपिशवीतल्या स्रावात मिसळत राहतात, त्याने शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि ते बीजापर्यंत पोचण्याआधीच निकामी होतात. हार्मोन नाही, त्यामुळे दुधावर परिणाम नाही. दहा वर्षं चालते, आणि उद्या काढली तर पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

गर्भपिशवी ही जाड स्नायूंची बंद पिशवी आहे. तिच्यातून काळजाकडे जायला वाट नाही. बसवताना पिशवीला इजा होण्याचा प्रकार घडतो, पण हजारात एखाद-दुसऱ्या वेळी. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि पोट दुखतं, हे मात्र खरं आहे, आणि ते आधीच सांगायला हवं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईने लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, दवाखान्यातच तांबी बसवता येते. सीमाभागातला पेच इथे सुरू होतो. पहिलं बाळंतपण माहेरी. सासर निपाणीला आणि माहेर कागलला, किंवा सासर बेळगावजवळ आणि माहेर चंदगडला, अशी किती घरं आहेत! सासरचं ‘तायी कार्ड’, म्हणजे गरोदर आईच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कर्नाटकाचं, बाळंतपण महाराष्ट्रातल्या दवाखान्यात. तांबी तिथे बसली, की सहा आठवड्यांची तपासणी कुणी करायची? बाळंतपणाच्या वेळी बसवलेली तांबी निसटण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं, म्हणून ही तपासणी टाळू नये. सासरच्या आशाताईला पत्ताच नसतो. तांबी कधी आणि कुठली बसवली, हे कार्डावर लिहून मागा आणि सासरी परतल्यावर आशाताईला दाखवा.

तांबी नकोच असेल तर ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, तीन महिन्यांतून एकदा. बाळ सहा आठवड्यांचं झालं की अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं. याने पाळी अनियमित होते, पुढे बंदही पडते. रक्त आत साठतं, या भीतीने पुष्कळजणी दुसरं इंजेक्शन घ्यायला जातच नाहीत. आत काहीही साठत नाही. पिशवीचं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे पडायला काही नसतं. थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, तेव्हा वर्षभरात मूल हवं असेल तर हे निवडू नये.

‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तीत हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला रोजच्या गोळीपेक्षा ही सोपी. रोजची ‘माला-एन’ आणि निरोधही आहेतच. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

पुरुषांची नसबंदी बिनटाक्याची होते, भूल फक्त त्या जागेपुरती, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. शुक्रजंतूंची वाट तेवढी बंद होते. पुरुषी हार्मोन थेट रक्तात मिसळतो, त्याला त्या नळीची गरजच नसते, म्हणून ताकद जात नाही. आधीचे शुक्रजंतू नळीत शिल्लक असतात, तेव्हा पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासून घ्यायचं. स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते. तरी सगळा भार तिच्याच अंगावर टाकला जातो, याचं मला वाईट वाटतं.

खरं तर या बाबतीत दोन्ही बाजूंचा वारसा मोठा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांत अशी केंद्रं सुरू केली, ती जगातली अशी पहिली सरकारी केंद्रं मानली जातात.

साधन वापरूनही दिवस राहतात, आणि राहिले तर कायदा बाईच्या बाजूने आहे. हे बेळगावात सांगताना सविता हलप्पनवार आठवतेच. बेळगावची लेक, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला. पाणमोट फुटली. पाणमोट हा जंतूंना रोखणारा पडदा. तो फुटल्यावर जंतू वर चढतात, आणि गर्भ आत असेपर्यंत तासातासाला धोका वाढतो. तिने गर्भ काढण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडमधल्या ६६ टक्के मतदारांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली.

आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. साधन फसलं हे कारण अविवाहितेलाही चालतं. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं.

एवढं असूनही ‘नवऱ्याला घेऊन ये, सही लागते’ असं ऐकून बायका परततात. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, नसबंदीसाठीही लागत नाही. गर्भपाताच्या संमतीचा ‘सी’ फॉर्म तिच्या एकटीच्या सहीने पुरा होतो. तो कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर सिस्टरला मराठीत समजावून सांगायला सांगा, आणि नीट कळल्यावरच सही करा.