बायोडाटा झाला, आता तोंडाने काय सांगणार?

आमच्याकडे बायोडाटा टाईप करायला म्हापसा, पेडणे, डिचोलीकडची बरीच मुलं येतात, प्रिंट मस्त निघते, फाईल छान दिसते, आणि इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न येतो "टेल मी अबाऊट युवरसेल्फ" आणि तिथेच सगळं अडतं. म्हणून हा कागद बायोडाटासोबत देतोय, घरी नीट वाचा.

बहुतेक जण सुरू होतात "मायसेल्फ अमुक तमुक", मग गाव, वडील काय करतात, दहावीचे मार्क, बारावीचे मार्क. अहो, हे सगळं त्यांच्या हातातल्या कागदावर आहेच की! (आणि "मायसेल्फ" नको, "आय ॲम" म्हणा.) सध्या काय करता, आधी काय केलंय आणि ही नोकरी का हवी, एवढंच सांगा, याच क्रमाने. एक-दीड मिनिट पुरे, इंग्रजीत ते 150 ते 200 शब्द होतात.

"मला अनुभव नाही" हे तर आम्ही रोज ऐकतो. मध्ये एक मुलगी आली होती, वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत स्टोअरची जागा होती, ती पण हेच म्हणाली, बोलता बोलता कळलं की दर चवथीला, म्हणजे गणपतीत, मामाच्या दुकानात बिलिंग तीच बघते, माल संपत आला की होलसेलवाल्याला फोनसुद्धा तीच करते. मग हा अनुभव नाही तर काय? तिला एवढंच बोलायला लावलं, "चवथीच्या गर्दीत दिवसाला 80-90 बिलं मी करते, आणि गल्ला जुळल्याशिवाय शटर खाली ओढत नाही." मेहनती आहे, टीम प्लेयर आहे, हे काय कोणीही सांगतं.

जाहिरात घ्या, त्यातली दोन-तीन कामं पेनाने अधोरेखित करा आणि त्याच्या जवळपासचं तुम्ही काय केलंय ते आठवा. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला जाताय तर चिडलेलं गिऱ्हाईक कसं सांभाळलं ते, स्टोअरला जाताय तर नोंदी कशा ठेवल्या ते. पाठ मात्र करू नका, एक शब्द विसरला की पुढचं सगळंच जातं, चिठ्ठीवर चार मुद्दे लिहा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, वाटू दे.

भाषेचं म्हणाल तर विचारतील त्या भाषेत बोला, इंग्रजी अडलं तर "हिंदीत सांगू का" असं सरळ विचारा. गोवा सरकारच्या जागांच्या जाहिरातीत कोकणी येणं आवश्यक आणि मराठी आल्यास चांगलं असं लिहिलेलं असतं, म्हणून कोकणीतली ओळखही तयार ठेवा, घरी बोलतो तेवढ्यावर विसंबू नका.

बायोडाटा आमच्याकडे केला असेल तर सराव दोनदा करून घेतो, वेगळे पैसे नाहीत. फक्त शुक्रवारी येऊ नका, बाजाराचा दिवस, दुकानात उभं राहायला जागा नसते.