कार्डिओमेटाबोलिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम: तज्ज्ञ डॉक्टरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि केस नोंदी

मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता, मूत्रपिंडविकार आणि हृदयविकार एकाच रुग्णात एकत्र दिसतात, पण तो रुग्ण मात्र तीन-चार तज्ज्ञांमध्ये वाटला जातो. या सगळ्यांची मिळून होणारी, म्हणजे कार्डिओमेटाबोलिक, जोखीम एकत्रितपणे हाताळायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांचे शुल्क आणि मुदत संस्थेगणिक बदलते. अर्जाचा साचा मात्र बराचसा सारखाच असतो.

पात्रता

मेडिसिन, कार्डिओलॉजी, एंडोक्रायनॉलॉजी किंवा नेफ्रॉलॉजीतील पदव्युत्तर अर्हता आणि चालू नोंदणी लागते. पदवी हातात असून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी ती वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत अतिरिक्त अर्हता म्हणून चढलेली असावी लागते. ते काम आधी उरका.

कागदपत्रे

मूळ वैद्यकीय आणि पदव्युत्तर अशा दोन्ही पदव्या, नोंदणी प्रमाणपत्र, विभागप्रमुखांचे अनुभवपत्र आणि ओळखपत्र. सगळीकडे नाव अक्षरशः एकसारखे हवे. लग्नानंतर बदलले असेल तर नावबदलाचा पुरावा सोबत जोडा. 'गुड स्टँडिंग' (डॉक्टरवर कारवाई नसल्याचे वैद्यक परिषदेचे) प्रमाणपत्र मागितले असेल तर ते सर्वांत शेवटी काढा. त्याची वैधता बहुधा तीनच महिने असते, आणि काही संस्था ते परिषदेकडून थेटच मागवतात.

केस नोंदी

अर्ज खरा अडतो तो इथे, सोबत द्यायच्या स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींत. नुसती 'मधुमेह, औषधे सुरू' अशी नोंद परीक्षकाला काहीच सांगत नाही. प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी), ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर लिहा. हे शेवटचे बहुतेकांकडून राहते. ईजीएफआर उत्तम असूनही ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असू शकते. कंबरेचा घेर शेवटची बरगडी आणि नितंबाच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर मोजलेला हवा, पँटच्या पट्ट्यावर नव्हे. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असताना सूत्राने काढलेले एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) दाखवू नका. तिथे ते चुकते.

जोखीम कोणत्या साधनाने मोजली हेही नमूद करा. मूळ स्कोअर-२ हे दहा वर्षांतील हृदयविकार-पक्षाघाताची जोखीम काढणारे युरोपीय साधन मधुमेही किंवा हृदयविकार झालेल्या रुग्णासाठी नाही. मधुमेहींसाठी २०२३ मध्ये वेगळी आवृत्ती आली, आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्याची जोखीम या साधनांनी मोजायची नसतेच, तो आधीच अतिउच्च गटात असतो. उद्दिष्ट लिहिताना आधार सांगा: २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत अतिउच्च जोखमीसाठी एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि शिवाय मूळ पातळीपेक्षा किमान ५० टक्के घट, अशा दोन्ही अटी आहेत. उद्दिष्ट गाठले नसेल तर लपवू नका. औषध का वाढवले नाही, रुग्ण गोळ्या घेत होता का, हे लिहिलेली अपयशी केस गुळगुळीत यशापेक्षा बरी.

नाव, केसपेपर क्रमांक, जन्मतारीख काढून टाका. स्कॅन केलेल्या अहवालाच्या कोपऱ्यात नाव तसेच राहते, तिथे नीट पाहा.

हितसंबंध जाहीरनामा

औषध कंपनीकडून मिळालेले व्याख्यानाचे मानधन, प्रवासखर्च, संशोधन निधी यांतले काही मिळाले असेल तर ते लिहावे. त्याने अर्ज सहसा बाद होत नाही. दडवलेले नंतर उघडकीस आले तर मात्र होऊ शकतो. काहीच नसेल तर रकाना कोरा न ठेवता 'निरंक' लिहून सही करा.